न फुगलेले डबे

माझ्या मावशीला आमची सगळी गल्ली टकटक म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते ठाऊक आहे आणि तिची काही तक्रारही नाही. कलिंगड घेताना ती टकटक करते, ते तर सगळेच करतात. पण ती भिंतीत खिळा ठोकण्याआधी भिंतीवर करते, नव्या कपाटाच्या पाठीवर करते, दाराच्या फळीवर करते. काका सांगतात, "लग्न ठरायच्या आधी हिनं माझ्या पाठीवर टकटक केली होती. भरीव आवाज आला, म्हणून हो म्हणाली."

"पोकळच आला होता," मावशी म्हणते. "पण आधी पाहिलेले त्याहून पोकळ होते."

ही सवय तिला कामानं लावली. बाविसाव्या वर्षी ती डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात लागली आणि पुढची चोवीस वर्षं तिनं एकच काम केलं: डबे ऐकले. मटार, गाजर, मक्याचे दाणे असं काहीबाही डब्यात भरून, झाकणं दाबून बसवून, ते डबे मोठाल्या बंद पिंपांत वाफेवर शिजवत. मग गार पाण्यात सोडत, आठ-दहा दिवस गोदामात ठेवत आणि लेबल लागायच्या आधी ते मावशीच्या टेबलावर येत. तिच्या हातात वीतभर लांबीची पोलादी कांडी असे, टोकाला वाटाण्याएवढी गोळी. ती प्रत्येक झाकणावर एकदा मारायची. डबा नीट बंद असला की आतून हवा ओढलेली असते, झाकण ताणलेलं असतं. तो टण्ण बोलतो. कुठं केसाएवढी फट असली किंवा आत काही बिघडायला लागलं असलं, की झाकण सैल पडतं आणि आवाज ठप्प येतो. मिनिटाला साठ डबे. ठप्प बोलला तो बाजूला.

तिला कामावर घेताना मुकादमानं पन्नास डबे मांडले होते, त्यांत तीन मुद्दाम खराब ठेवले होते. म्हणाला, शोध. तिनं चार काढले. मुकादम हसला, "एक जास्त झाला पोरी." तिनं डबा पुढं सरकवला, "उघडा." उघडला आणि मुकादम नाक धरून मागं सरला. त्या दिवसापासून ती टेबलावर.

कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण कांडी अजून तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलेली आहे. गल्लीत कुणी फडताळ आवरायला काढलं आणि मागच्या कोपऱ्यात विसरलेला एखादा डबा सापडला, की तो थेट मावशीकडं येतो. "काकू, हा चालेल का बघा जरा." मावशी हात पुसते, डबा खिडकीच्या उजेडात नेते, उलटा करते, जोडावरून बोट फिरवते. फुगलाय का, गळलाय का, जोडावर पोचा आहे का, गंज नखानं निघतोय की आत खोल गेलाय. मग कांडी. बहुतेक वेळा निकाल एकच: "फेका." कुणी चिकाटीनं म्हणालं, "थोडं चाखून बघितलं तर?" तर मात्र ती भडकते. "चाखून? अगं, ज्यानं माणूस मरतो त्याला वास नसतो, चव नसते. चाखून बघणारा पुढं काय झालं ते सांगायला येत नाही."

'फेका' म्हणताना ती एकदाच वाजवायची. 'चालेल' म्हणायचं असलं तर दोनदा. ही दुसरी टकटक पूर्वी नव्हती. ती चारशे सतरानंतर आली.

एका पाळीत शिजलेल्या सगळ्या डब्यांना कारखान्यात घाणा म्हणत आणि प्रत्येक घाण्याचा आकडा झाकणावर ठशानं उठवलेला असे. चारशे सतराचा घाणा मटारांचा. एकोणीस वर्षांपूर्वी मावशीनं सकाळच्या पाळीत तो सगळा ऐकला, नऊ डबे बाजूला काढले, बाकीच्या चार हजारांच्या खोक्यांवर आपल्या निळ्या पेन्सिलीच्या दोन रेघा ओढल्या आणि घरी आली. दुपारी विभागाचे साहेब गोदामात गेले. त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याच्या डब्यांनी माणसं आजारी पडल्याची बातमी आली होती, त्यामुळं साहेबांचा कुणाच्याच खुणेवर भरवसा उरला नव्हता. त्यांनी दहा खोकी फोडली, मावशीच्या जोडीदारणीची कांडी घेतली आणि स्वतः डबे वाजवले. ठप्प. ठप्प. ठप्प. संध्याकाळी सगळा घाणा रोलरखाली गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेली तर साहेबांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा कान गेला. तुमच्या हातून माणसं मेली असती."

मावशी म्हणाली, "मला एक डबा दाखवा. एकच. मला ऐकू द्या."

"एकही उरलेला नाही."

त्या दिवसापासून ती लेबलांच्या खोलीत. कारखाना बंद होईपर्यंत चार वर्षं तिनं डब्यांना कागद चिकटवले. नोकरी राहिली, पण एक गोष्ट तिच्या मनातून गेली नाही: साहेब खरे असले तर? खरंच चार हजार खराब डबे आपण पास केले असले तर? हे ती कुणाशी बोलायची नाही. मला काकांकडून कळलं. काका म्हणाले, "ती भांडली असती तर मी समजू शकलो असतो. ती भांडतच नाही त्यावर. तिला खात्रीच नाही."

एवढं आधी सांगितलं, कारण त्या रविवारी जे झालं ते फार भराभर झालं.

मी सकाळी मावशीचा मोठा कुकर परत करायला गेले होते. काका वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते, म्हणजे मावशीला शब्द विचारत होते आणि तिनं सांगितलेला चूक आहे म्हणत होते. बेल वाजली. दारात माझ्याच वयाची एक बाई, हातात कापडी पिशवी.

"कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंनी पाठवलं. डबे तुम्हीच बघता ना?"

"मीच. आण इकडं."

"एक खोकंभर सापडलेत हो. बाबांचा पलंग हलवला, तर मागं भिंतीला लावून ठेवलेलं. चोवीस डबे! लेबल नाही, काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, राहू दे तिथंच. आता तुम्हीच सांगा, टाकायचे की खायचे? सरळ टाकायलाही जीव होईना." बोलता बोलता तिनं कागदात गुंडाळलेला डबा काढला.

मावशीनं तो खिडकीशी नेला. जोडावरून बोट फिरवलं. उलटा केला, सुलटा केला आणि थांबली.

"चष्मा."

"कुठला?" काका म्हणाले.

"अहो, जवळचा! चष्मा म्हणतेय मी!"

काकांनी स्वतःच्या नाकावरचा काढून दिला. मावशीनं तो लावलाच नाही, नुसता भिंगासारखा झाकणावर धरला. मग तिनं डबा माझ्या तोंडापुढं आणला. "वाच."

"चार, एक, सात," मी म्हणाले.

काकांच्या हातून पेन्सिल खाली पडली आणि टेबलाखाली घरंगळत गेली. कुणी उचलली नाही.

मावशीनं दारामागची कांडी घेतली. डबा टेबलावर ठेवला, टेबलावर नको म्हणून तळहातावर घेतला. पहिला ठोका कडेला बसला. तिनं श्वास घेतला आणि मधोमध मारला.

टण्ण.

पातळ काचेच्या पेल्यावर चमचा लागावा तसा आवाज. स्वयंपाकघरात तो जरा वेळ रेंगाळला.

मावशी खुर्चीत बसली. लगेच उठली. परत बसली. "खोक्यावर काय आहे?" तिनं त्या बाईला विचारलं. "निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत? दोन?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे बाबा काय करायचे?"

"कारखान्यात साहेब होते. डब्यांच्याच."

"आहेत अजून?"

बाई जराशी दचकली. "आहेत म्हणजे काय, ठणठणीत आहेत. नाश्त्याला बसले असतील आत्ता."

"चल," मावशी म्हणाली.

"अगं, चहा तरी घेऊ दे तिला," काका म्हणाले.

"चहा तिथं. उठा तुम्ही. तूही चल गं." शेवटचं मला. ती इतक्या घाईत दाराबाहेर पडली, की एका पायात तिची चप्पल होती नि दुसऱ्यात माझी. उरलेली जोडी मी घातली. आम्ही दोघी दिवसभर तशाच फिरलो.

त्या बाईची छोटी गाडी होती. मावशी पुढं बसली, डबा मांडीवर, पट्टा डब्यावरून. काका आणि मी मागं. वाटेत मावशीनं डब्यावर आणखी तीनदा कांडी मारली. टण्ण. टण्ण. टण्ण.

"आपण भांडायला चाललोय का?" काकांनी मला हळूच विचारलं. "तसं असेल तर मी गाडीतच बसतो. मला गुडघ्यांचं आहे."

"ऐकू येतंय मला," पुढून मावशी म्हणाली.

"तेच तर पाहत होतो," काका म्हणाले.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट वरून खाली यायला वेळ लावत होती, तर मावशी जिन्यानं निघाली. पासष्ट वर्षांची बाई, दोन पायांत दोन चपला, हातात कांडी. आम्ही तिघं मागं धापा टाकत.

साहेब खिडकीशी टेबलावर बसले होते. पुढं उकडलेलं अंडं, शेजारी मिठाची कुपी. कानात ऐकायचं यंत्र. त्यांनी वर पाहिलं, मावशीकडं नाही, तिच्या हातातल्या कांडीकडं. मग चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं, नॅपकिनची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"बसा, बाई."

"बसायला नाही आले. खोकं कुठं आहे?"

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" लेकीनं विचारलं.

"चांगलंच," काका म्हणाले आणि मिळाली त्या खुर्चीत बसले.

लेक आतून खोकं घेऊन आली. ओल लागून पुठ्ठ्याचा एक कोपरा मऊ पडला होता, पण निळ्या रेघा तशाच्या तशा. मावशीनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. हातची खूण; आपली सही ओळखावी तशी तिनं ती ओळखली.

"फुगले नाहीत," साहेब म्हणाले.

"काय?"

"दर वर्षी एकदा बघायचो. खोकं ओढायचं, एकेक डबा उजेडाला धरायचा. म्हटलं, एकतरी फुगेल. एक फुगला असता तरी मला बरं वाटलं असतं. एकोणीस वर्षं वाट पाहिली. एकही फुगला नाही."

"म्हणजे बाबा, तुम्ही पलंगाखाली वाकायचात ते यासाठी?" लेक म्हणाली. "मला वाटायचं चप्पल शोधताय! मी दर वर्षी नवी चप्पल आणून देत होते तुम्हाला!"

"हो. अजून सात जोड शिल्लक आहेत."

कुणीतरी हसलं असतं, पण मावशी हसायला आली नव्हती. तिनं विचारलं, "त्या दिवशी कुठं वाजवलेत?"

"गोदामात."

"गोदामात कुठं?"

साहेबांनी मिठाची कुपी जरा इकडं सरकवली, जरा तिकडं. "गोदाम भरलं होतं. हमालांनी दुपारी खोकी बॉयलरच्या भिंतीला लावली होती."

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला, कांडीसकट. "गरम डबे! साहेब, गरम डबा ठप्पच बोलणार! आतलं तापतं, पसरतं, झाकणाचा ताण जातो. हे पहिल्या दिवशी शिकवतात हो! शेंबड्या पोरीलासुद्धा पहिल्या दिवशी शिकवतात!"

"मला कुणी शिकवलं नाही," साहेब म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून साहेब होतो."

आता मात्र काकांना राहवलं नाही, ते फसकन हसले आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"कधी कळलं तुम्हाला?" मावशीचा आवाज खाली आला होता.

"दुसऱ्याच दिवशी. मालकांना दाखवायला म्हणून एक खोकं ठेवून घेतलं होतं. सकाळी सहज एका डब्यावर पेन मारलं. टण्ण. दुसऱ्यावर मारलं. टण्ण. तेवढ्यात, आधीच बोलावणं धाडलं होतं म्हणून, तुम्ही दारात आलात."

"आणि मी एक डबा मागितला."

"एकच डबा मागितलात. तेव्हा खोकं माझ्या टेबलाखाली होतं, बाई. पायाला लागत होतं."

लेकीनं "बाबा!" असं काहीतरी म्हटलं. मला मावशीकडं बघवेना, म्हणून मी अंड्याकडं बघितलं. ते गार झालं होतं.

मला वाटलं, आता ती बोलेल. एकोणीस वर्षांचं सगळं बोलेल. पण तिनं पदर खोचला, टेबल मोकळं करायला सांगितलं, अंडं, कुपी, सगळं उचलायला लावलं. "आधी डबे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणून मी बरोबर, हे मला नको. तुम्ही म्हणालात म्हणून चूक ठरले होते, ते पुरे झालं."

लेक खोक्यातून एकेक डबा काढून पुसून देत होती, मी मांडत होते. ओळीत सहा, चार ओळी. काका मोजत होते.

"ऐकू येतं अजून तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. "मला तर यंत्राशिवाय काही नाही."

"मी कानानं कधी ऐकत नव्हते, साहेब. पट्ट्यांचा खडखडाट, वाफेचा फुसकारा, त्यात कान कसले? आम्ही सगळ्या कानात कापूस घालून बसायचो. बोटानं ऐकायचो. डबा चांगला असला की कांडी उडते, खराब असला की चिकटते. चोवीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

आणि तिनं सुरुवात केली. मी तिला काम करताना असं कधी पाहिलं नव्हतं. मनगट हलत नव्हतं, नुसती दोन बोटं. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. पहिली ओळ संपेस्तोवर काका उभे राहिले होते. दुसरी ओळ. लेकीनं माझा दंड पकडला, नखं रुतली. साहेब यंत्राची कळ पिळत पुढं वाकले होते. तिसरी ओळ. टण्ण, टण्ण, टण्ण, ठप्प.

कांडी थांबली.

तिनं तोच डबा पुन्हा वाजवला. ठप्प.

आम्ही सगळे त्या डब्याकडं पाहत राहिलो. दिसायला इतरांसारखाच. फुगलेला नाही, पोचा नाही, गंज नाही. साहेबांना फरक कळला नव्हता, ते तिच्या तोंडाकडं बघत होते. "काय झालं? का थांबलात?"

तिनं पुढचा वाजवला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. काकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे तू गप्प बस. पण मावशीनं तो डबा उचलला आणि टेबलाच्या कडेला वेगळा ठेवला. "हा खराब."

"एकोणीस वर्षांत गेला असेल," लेक घाईघाईनं म्हणाली. "तेव्हा चांगला असेल."

"असेल. किंवा तेव्हाच माझ्या हातून सुटला असेल. आता ते कुणी सांगू शकत नाही." तिनं कांडी परत हातात घेतली आणि उरलेले वाजवून काढले. सगळे टण्ण. तेवीस चांगले, एक खराब.

साहेब खुर्चीत मागं टेकले. "म्हणजे मी थोडा बरोबर होतो."

"चोवीसात एक," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही चार हजार चिरडलेत."

त्यांनी मान हलवली, हो अशी.

आणि मग लेकीनं तो प्रश्न विचारला, जो ती मुळात विचारायला आली होती. तिला बिचारीला त्यात काही वाकडं वाटलं नाही. "मग काकू, हे खायला चालतील की नाही?"

एकोणीस वर्षांपूर्वी मावशीनं याच डब्यांना चालतील म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते आत्ताच टेबलावर मांडलेलं होतं. नाही म्हणाली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. इतक्या जुन्या डब्यांना तिनं कालपर्यंत गल्लीभर नाहीच म्हटलं होतं. तिनं पहिल्या ओळीतला एक डबा उचलला. जोड पाहिला, तळ पाहिला, बोट फिरवलं. कांडी मारली. टण्ण.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत होते. तो आलाच नाही.

"चालेल," मावशी म्हणाली.

"मग उघडा," साहेब म्हणाले. "मी खातो."

"तुम्ही?"

"मी."

"अहो, काहीतरीच काय!" काका मध्ये पडले. "मी विधुर व्हायला तयार नाही. मला घरात चहाची साखर सापडत नाही!"

"तुम्हाला कोण खायला सांगतंय? आणि ते खाणार म्हणतायत, मी नाही म्हणाले अजून."

"पण तू खाणारच आहेस ना?"

"माझ्या डब्यातलं ते खाणार असतील तर मी काय नुसती बघत बसू?"

लेकीनं डबा फोडायची चावी आणली. मावशीनं झाकण साबणानं धुतलं, पुसलं, चावीचं टोक कडेला टेकवलं आणि सगळ्यांना गप्प केलं. टोक आत गेलं आणि डब्यानं हवा आत ओढली. स्स् असा बारीक आवाज.

"ऐकलंत?" ती ओरडलीच. "आत ओढली! बाहेर नाही टाकली! एकोणीस वर्षं दम धरून बसला होता हो पठ्ठ्या!"

झाकणाची आतली बाजू लख्ख होती. मटार मात्र हिरवे राहिले नव्हते, धुऊन धुऊन विटलेल्या खाकी कापडाच्या रंगाचे झाले होते. साहेबांनी चमचा पुढं केला आणि मावशीनं त्यांच्या मनगटावर कांडी मारली. डब्याला मारायची तशीच, हलकी.

"उकळल्याशिवाय नाही. चार हजार चिरडणारा माणूस आणि आता कच्चे खायला निघालाय!"

घड्याळ लावून पाव तास रटारटा उकळले. मावशी शेगडीपाशी उभी. लेकीला सक्त ताकीद: तू नाही, ही नाही, हे तर नाहीच नाही. खराब डबा दोन पिशव्यांत बांधून, चिकटपट्टी लावून दाराशी ठेवला, न उघडता. मग दोन बशा. दोन चमचे. तो म्हातारा आणि माझी मावशी समोरासमोर बसले, एकमेकांकडं बघत एकेक घास तोंडात घातला आणि चावू लागले. आम्ही तिघं श्वास रोखून.

"कसे लागतात?" काकांनी विचारलं.

"भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे," मावशी म्हणाली.

साहेबांनी गिळलं. पाणी प्यायले. जरा विचार केला. "मीठ बरोबर आहे," म्हणाले.

आणि मावशी हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. साहेबांचं यंत्र शिट्टी मारायला लागलं, त्यांनी ते काढून हातात धरलं आणि काही ऐकू येत नसताना तेही हसत बसले.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी सातला मावशीचा फोन तिकडं जायचा. "पोट कसं आहे? दिसतंय नीट? एकाचे दोन तर नाही ना दिसत? गिळताना काही?" तिकडून उत्तर यायचं, "जिवंत आहे. तुम्ही?" "मी तर आहेच." काकांनी कॅलेंडरवर फुल्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र आणखी एक गोष्ट झाली. कारखान्यातल्या जुन्या लोकांचा फोनवर एक गट आहे, तिथं एरवी वाढदिवसाचे केक आणि गुडघ्यांची औषधं येतात. तिथं साहेबांनी लेकीकडून टंकवून घेतलेला निरोप आला. काकांनी तो मोठ्यानं वाचला: "चारशे सतराचा घाणा चांगला होता. डबे गरम असताना मी वाजवले. दुसऱ्या दिवशी मला कळलं आणि मी बोललो नाही. चूक माझी. बाईंचा कान बरोबर होता." दिवसभर फोन वाजत राहिला. जोडीदारीण, मुकादमाची सून, लेबलांच्या खोलीतल्या दोघी. प्रत्येकीला मावशी तेच सांगत होती, "कान नाही गं, बोट. बोट लिहायला पाहिजे होतं त्यांनी." सांगताना खोलीभर येरझाऱ्या चालल्या होत्या आणि जाता-येता दिसेल त्यावर कांडी पडत होती.

नवव्या दिवशी बेल वाजली. लेकीचा हात धरून साहेब आले होते, चकचकीत नवी चप्पल घालून. हातात एक डबा. तो त्यांनी मावशीपुढं दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही एक मागितला होतात."

मावशीनं तो घेतला. फार वेळ हातात धरून उभी राहिली. मग फडताळातल्या पहिल्या फळीवर, चहासाखरेच्या शेजारी, आकडा बाहेर येईल असा ठेवला.

"आणि राहिलेल्या एकवीस डब्यांचं काय करू?" लेकीनं विचारलं.

"फेकून दे," मावशी म्हणाली. "एकोणीस वर्षांचे मटार कुणी खातं का?"

"पण काकू, तुम्हीच तर चालतील म्हणालात!"

"चालतील म्हणाले. चांगले लागतील असं कुठं म्हणाले?" आणि साहेबांकडं वळून, "बसा. चहा टाकते." मग काकांना, "अहो, साखर कुठं आहे ते आता बघून ठेवा, डब्याच्या शेजारी."